रुळावरची नोकरी : निवृत्त मुकादमाला विचारा

प्रश्न : काका, मी सेलू तालुक्यातला. वय २३, बी.ए. झालंय. घरी तीन एकर, विहिरीला दिवाळीपर्यंत पाणी, कापूस-सोयाबीन. २०२५ ला रेल्वेच्या लेव्हल-१ चा फॉर्म भरला होता, लेखी निघाली. आता धावण्याची आणि वजनाची चाचणी आहे. पोस्ट ट्रॅक मेंटेनरचीच, म्हणजे रूळ सांभाळणाऱ्याची, मिळेल असं दिसतंय. गावात म्हणतात, पंधरा वर्षं शिकून गिट्टी उपसायला चालला का? वडील म्हणतात, सरकारी आहे, सोडू नको. मामा म्हणतात, एमपीएससी कर. वजनाचीही धास्ती वाटते. काय करू?

उत्तर : आधी अभिनंदन घे. २०१९ ला हीच भरती निघाली तेव्हा लाखावर जागांना कोटीच्या वर अर्ज पडले, आणि परीक्षा व्हायला २०२२ उजाडलं. तुझ्या खेपेला ३२,४३८ जागा होत्या, त्यातल्या तेरा हजारांवर ट्रॅक मेंटेनरच्याच. तेव्हा तुझा अंदाज बरोबर आहे, फावडंच हातात येणार.

वजनाची धास्ती सोड. ३५ किलो वजन, १०० मीटर, २ मिनिटं, मध्ये खाली टेकवायचं नाही. युरियाची गोणी ४५ किलोची असते, आणि ती बांधावरून तू नेलीच असशील. माझ्या पाहण्यात पोरं गळतात ती धावण्यात. १,००० मीटर ४ मिनिटं १५ सेकंदांत, संधी एकच. पहिल्या दोनशे मीटरला सुसाट सुटतात आणि शेवटी पोटाला हात लावून चालतात. पहाटे डांबरी रस्त्यावर घड्याळ लावून पळ, आणि चार मिनिटांच्या आत येईपर्यंत थांबू नको.

आता काम. गावातल्या लोकांनी गाडीच्या खिडकीतून फावडं घेऊन उभी असलेली चार माणसं पाहिलेली असतात, तीही अर्धं मिनिट. त्यावरून ते बोलतात. सकाळी हजेरी होते, मुकादम त्या दिवसाचं काम सांगतो, हत्यारं खांद्यावर टाकून चालायला लागायचं. कुठं स्लीपरखालची, म्हणजे रुळाखालच्या आडव्या पट्टीखालची, गिट्टी बसलेली असते, कुठं रबरी पॅड कुजलेलं, कुठं लायनर निघालेलं, कुठं नाली बुजलेली, कुठं बाभळीची फांदी लाईनवर आलेली. आमच्या उमेदीत मनमाडपासून इकडं सगळं मीटरगेज होतं. लाकडी स्लीपर खांद्यावर न्यायचो आणि गिट्टी ठोकायचा बीटर मारून मारून तळहाताला घट्टे पडायचे. आता सिमेंटचा स्लीपर अडीचशे किलोच्या पुढं भरतो, तो माणसांनी उचलून नेण्याचा काळ गेला, आणि पॅकिंगला, म्हणजे गिट्टी ठोकून बसवायला, मोठं मशीन येतं. पण मशीन एकदा येऊन गेलं की पुन्हा येईपर्यंत लाईन गँगच्याच, म्हणजे मुकादमाच्या हाताखालच्या टोळीच्याच हातात.

त्यात आपली काळी माती. पावसात फुगते, उन्हात भेगाळते, आणि वरचा भराव हलतो. पावसाळ्यात नीट केलेली लेव्हल दिवाळीला पुन्हा बसलेली असते. आपलं काम टिकलं पाहिजे अशी ज्याला हौस, त्याला याचा फार संताप येतो. मला यायचा. सवय झाली, संताप गेला नाही.

पुढं कधी चावीवाला, म्हणजे एकट्यानं रोज लाईन तपासणारा, झालास तर बीट, म्हणजे तुझ्या वाट्याचा लाईनचा तुकडा, मिळेल. किलोमीटरला साधारण १,६६० स्लीपर, एका स्लीपरला रूळ धरून ठेवणाऱ्या चार क्लिपा. सहा किलोमीटरचा बीट धरला तर चाळीस हजारांच्या घरात क्लिपा झाल्या. हातोडा आणि पाना घेऊन एका बाजूनं जायचं, दुसऱ्या बाजूनं यायचं, सुटलेली दिसली की ठोकायची. दिवसभर बोलायला माणूस नाही. काहींना ते खायला उठतं. मला गँगच्या गलक्यापेक्षा ते बरं वाटायचं. भाकर, ठेचा आणि कांदा कुठल्या पुलाच्या सावलीला सोडायचा हे आपण ठरवायचं, एवढी मालकी कुठल्या साहेबाला आहे?

ऊन मात्र ठरवू देत नाही. परभणी-नांदेडचा मे तुला सांगायला नको. हवा ४२ अंशांवर असली की रूळ पंधरा-वीस अंशांनी वर, म्हणजे साठीला टेकतो. लांबच लांब वेल्डिंग केलेला रूळ तापला की पसरायला बघतो, आणि त्याला जागा नसते. जागेवर धरून ठेवते ती स्लीपरभोवतीची गिट्टी. म्हणून रूळ तापलेला असताना गिट्टी उकरायची नाही. कुणी नवा साहेब काम उरकायची घाई करत असला तरी नाही. उकरली आणि रूळ वाकडा झाला तर गाडी पडते. जड काम सकाळी आवरायचं, दुपारी गस्त. थंडीत उलटा खेळ. रूळ आकसतो आणि वेल्डिंगपाशी तडकतो, बहुधा पहाटेच्या गारठ्यात. त्यामुळं डिसेंबर-जानेवारीत रात्रभर लाईन पायाखाली घालायची. पावसाळ्यात पुलांवर आणि भरावांवर नजर. एकही ऋतू मोकळा नाही.

तुटलेला रूळ सापडला की पळायचं. ६०० मीटरवर एक फटाका, १,२०० मीटरवर दहा-दहा मीटर सोडून तीन. फटाका म्हणजे रुळावर बसवायची चपटी डबी; इंजिनाचं चाक वरून गेलं की बार होतो आणि ड्रायव्हर गाडी आवरतो. सिंगल लाईन असली तर दोन्ही बाजूंना लावायचे. ताशी ११० नं येणारी गाडी ते १,२०० मीटर चाळीस सेकंदांत काटते. आता तुझी हजार मीटरची परीक्षा आठव. ती मैदानातली शोभा म्हणून ठेवलेली नाही.

हे सगळं अंगाला सवयीनं जमतं. ज्याच्यासाठी एवढं लांब उत्तर लिहायला बसलो ते वेगळंच आहे. डिझेल इंजिन दोन शेतं अलीकडून धडधडत यायचं, पाठमोरा माणूसही सावध व्हायचा. आता आपल्याकडं वरून तारा आल्या आणि विजेचं इंजिन येतं ते वारा उलटा असला तर अंगावर येईपर्यंत कळत नाही. परभणी-मुदखेड दुहेरी झाल्यापासून आणखी एक फास वाढला. एका लाईनवर गाडी आली म्हणून माणूस पटकन दुसऱ्या लाईनवर सरकतो, पहिल्या गाडीच्या आवाजात दुसरी ऐकूच येत नाही. गाडी आली की शेजारच्या रुळावर सरकायचं नाही, सरळ सेसवर, म्हणजे गिट्टीच्या कडेच्या मोकळ्या पट्टीवर, उतरायचं, हत्यारासकट. हे तोंडपाठ असलेली, वीस-वीस वर्षं काढलेली माणसं यातच गेलेली मी उचललीत. नवी पोरं कानात बोंडं घालून गाणी ऐकत काम करतात तेव्हा माझं पित्त खवळतं. गाडीवर नजर ठेवायला उभा केलेला लुकआउटमन शिट्टी मारतो ती कुणासाठी?

८ मे २०२० ला करमाडजवळ रुळावर झोपलेल्या १६ मजुरांवरून मालगाडी गेली. लॉकडाऊन होता, चालून चालून थकली होती बिचारी, गाड्या बंद आहेत असं समजून आडवी झाली. लाईनवर कोणत्याही वेळी, कोणत्याही बाजूनं गाडी येऊ शकते असं धरून चालायचं, हे आम्हाला पहिल्या दिवसापासून सांगतात. त्यांना कोण सांगणार होतं?

म्हणून तुला दोन गोष्टी करून बघायला सांगतो. शेतीची लाईट रात्रीच असते ना, तर रात्री बारानंतर एकट्यानं दारं धरायला जाऊन बघ, सलग तीन-चार रात्री. आणि एक दिवस फोन घरी ठेवून, रस्त्यानं चार-पाच तास नुसता चालून बघ, पुढं-मागं काय येतंय एवढ्यावरच ध्यान ठेवून. पहिल्या तासाला मन शेतात, दुसऱ्याला मामाकडं, तिसऱ्याला आणखी कुठं जातं ते तुला कळेल. दर वेळी ते माघारी आणता येत असेल तर ही नोकरी तुझी. नसेल, तर मूळ पगार १८,००० असो नाहीतर ८०,०००, मी तुला हो म्हणणार नाही.

पैशाचं पटकन सांगतो. मूळ १८,०००, त्यावर महागाई भत्ता, घरभाडं, आणि ट्रॅकवाल्यांना जोखमीचा वेगळा भत्ता, जो सातव्या आयोगानं महिन्याला २,७०० ठरवला. पास पहिली पाच वर्षं वर्षाला एक सेट, पुढं तीन. १ जानेवारी २००४ नंतर लागलेल्यांना आमच्यासारखी जुनी पेन्शन नाही. एनपीएस आहे, म्हणजे पगारातून कापून साठवायची पेन्शन, आणि २०२५ पासून यूपीएस या नव्या पेन्शन योजनेचा पर्याय आला. वडिलांना हे नीट समजावून सांग, त्यांच्या डोक्यात अजून जुनीच पेन्शन असेल.

मामांचं म्हणणं चुकीचं नाही, पण पहिलं वर्षभर ड्युटीवरून आल्यावर पुस्तक हातात धरवत नाही हे त्यांना ठाऊक नसावं. त्यापेक्षा खात्यातल्या परीक्षांकडं बघ. ट्रॅकवर लागलेल्याला त्यातून गार्ड, क्लार्क, असिस्टंट लोको पायलट होता येतं. माझ्या गँगमधला एक पोरगा आज मालगाडीचा गार्ड आहे, आता त्याला ट्रेन मॅनेजर म्हणतात. तू बी.ए. आहेस, तुझी पदवी तिथं कामाला येईल. मात्र ‘दोन वर्षांत इथून सुटायचंच’ असं घोकत लाईनवर उभा राहू नको. ज्याचं मन पुढच्या परीक्षेत, त्याला मागची गाडी दिसत नाही.

राहिलं गाव. सोयरिकीच्या वेळी हेच लोक बायोडाट्यात ‘रेल्वेत नोकरी’ एवढंच लिहायला सांगतील, आणि गिट्टीचं नाव कुणी काढणार नाही. तोवर बोलू दे.

प्रश्न : मी वसमतची. माहेरी असताना फॉर्म भरला होता, आता लग्न झालंय. सासरचे म्हणतात, रेल्वेची असली तरी ही नोकरी बाईची नाही. नवऱ्याची हरकत नाही, पण तेही गोंधळलेत. बायका खरंच हे काम करतात का?

उत्तर : करतात, ताई. माझ्या शेवटच्या वर्षांत आमच्या सेक्शनला होत्या. चाचणी तुमच्यासाठी २० किलो १०० मीटर २ मिनिटांत, आणि १,००० मीटर ५ मिनिटं ४० सेकंदांत. ज्या बाईनं दिवसभर कापूस वेचून गाठोडं डोक्यावर आणलंय तिला ताकदीवरून नाही म्हणणाऱ्या सासऱ्यांना एक दिवस वेचणीला पाठवा, असं मी म्हटलं म्हणून सांगू नका, पण म्हणतो.

अडचण दुसरीच आहे आणि ती कुणी मोकळेपणानं सांगत नाही. दोन स्टेशनांच्या मध्ये आठ-दहा किलोमीटर लाईनवर संडास-बाथरूम नसतं. पुरुष बाभळीआड जातात. बायका पाणी कमी पितात, आणि उन्हाळ्यात त्यानंच आजारी पडतात. हजेरीची जागा स्टेशनजवळ आहे का, सेक्शनला आणखी बायका आहेत का, हे रुजू व्हायच्या आधी जाऊन बघा. एकट्या असाल तर पहिल्याच आठवड्यात तुमच्या सेक्शनच्या इंजिनिअरना लेखी अर्ज द्या, दुसऱ्या बाईबरोबर जोडी द्या म्हणून. तोंडी सांगितलेलं हवेत जातं. युनियनचा माणूस प्रत्येक डेपोला असतो, त्यालाही भेटा. पहिल्याच दिवशी भेटलात तर त्याला तुमचं नाव लक्षात राहतं.

गरोदरपणात हलक्या कामाचा अर्ज डॉक्टरच्या चिठ्ठीसह वेळेवर टाका, संकोच करू नका. आणि नवऱ्याला विचारा, पोस्टिंग लांब पडलं तर ते तुमच्याबरोबर येतील का. सासऱ्यांपेक्षा या प्रश्नाचं उत्तर जास्त महत्त्वाचं आहे. आमच्याकडच्या एकीचा नवरा तिच्या गावी येऊन राहिला आणि स्टेशनबाहेर पंक्चरचं दुकान टाकलं. त्यांचं छान चाललंय.

प्रश्न : मी लातूरचा, भाऊ नांदेडला असतो. पुढच्या भरतीला फॉर्म कोणत्या बोर्डाचा भरू? पेपर मराठीत असतो का?

उत्तर : पेपर मराठीत देता येतो, फॉर्म भरतानाच भाषा निवडायची. शंभर प्रश्न, दीड तास, चुकलं की एक तृतीयांश गुण कापतात. माहीत नसेल ते सोडायला शिक.

बोर्ड विचार करून निवड, कारण फॉर्म एकाच बोर्डाचा भरता येतो. नांदेड, परभणी, जालना, छत्रपती संभाजीनगर ही स्टेशनं दक्षिण मध्य रेल्वेच्या नांदेड विभागात, त्याचं बोर्ड सिकंदराबाद. तुमचं लातूर आणि धाराशिव मध्य रेल्वेच्या सोलापूर विभागात, त्याचं बोर्ड मुंबई. उदगीर पुन्हा दक्षिण मध्यकडं. एकाच जिल्ह्यात दोन रेल्वे, हा आपल्याकडचा जुना निजामाच्या वेळचा गुंता. सिकंदराबाद भरलंस म्हणजे नांदेडच मिळेल असं नाही, तेलंगणात कुठंही पडू शकतं. पडलं तर सहा महिन्यांत कामापुरतं तेलुगू येतं, भीती नको. बदलीसाठी समोरचा माणूस शोधून म्युच्युअल करता येते. एकतर्फी बदली मागितली तर नव्या ठिकाणी सेवाज्येष्ठता तळाला जाते.

प्रश्न : आमच्या मुलाला एक ओळखीचे गृहस्थ ट्रॅकमन म्हणून लावतो म्हणतात. परीक्षा नाही, सरळ ट्रेनिंगचं पत्र. पैसे दोन हप्त्यांत. एक एकर विकावी का?

उत्तर : नाही. भाऊ, विकू नका. या पोस्टला रेल्वे भरती बोर्डाच्या लेखी, शारीरिक आणि वैद्यकीय परीक्षेवाचून सरळ पैशानं येणारं ट्रेनिंगचं पत्र नसतं. २०२२ च्या डिसेंबरात दिल्लीचं प्रकरण पेपरात आलं होतं: तामिळनाडूच्या २८ तरुणांकडून कोट्यवधी रुपये घेतले, आणि ‘ट्रेनिंग’ म्हणून त्यांना महिनाभर नवी दिल्ली स्टेशनवर येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्या आणि डबे मोजायला बसवलं. पोरं इमानदारीत मोजत होती. पहिला हप्ता दिला असेल तर पावती, फोनमधले मेसेज, बँकेचा उतारा घेऊन आजच पोलीस ठाण्यात जा. गृहस्थ ओळखीचे आहेत म्हणून थांबू नका, अशा कामाला ओळखीचेच येतात.

प्रश्न : मी बीड जिल्ह्यातला. आईवडील ऊसतोडीला जायचे, मी गेलो नाही. नव्या लाईनच्या कामावर ठेकेदाराकडं रोजंदारीवर आहे, रूळ जोडणी आणि गिट्टी. मुकादम म्हणतो, दोन-तीन वर्षं टिक, मग रेल्वेत आपोआप कायम होशील. खरं आहे का? दोन महिन्यांचा पगारही अडकलाय.

उत्तर : कोयता सोडलास हे फार चांगलं केलंस. आणि १७ सप्टेंबर २०२५ ला अहिल्यानगरहून बीडपर्यंत गाडी धावली त्यात तुझ्यासारख्यांचा घाम आहे. ते काम मोठं आहे. पण मुकादमाचं बोलणं खोटं आहे. आम्ही मस्टरवर लागलो तेव्हा रेल्वे स्वतः रोजंदारीचे मजूर घ्यायची, त्यातून बरेच कायम झाले, मीही. तो रस्ता बंद होऊन जमाना झाला. तू ठेकेदाराचा माणूस आहेस, ठेकेदाराकडं काढलेली वर्षं रेल्वेच्या भरतीत धरत नाहीत. दहावी झालेली असेल तर इतरांसारखाच फॉर्म भर. धावण्यात आणि वजनात तू शाळेतल्या पोरांच्या पुढं असशील, मेहनत फक्त गणितावर घे.

आता अडकलेला पगार. पहिलं म्हणजे हजेरी स्वतःच्या वहीत लिही, तारीख, किती तास, कुठल्या किलोमीटरला. साइटवरच्या हजेरीपत्रकाचा फोटो मिळाला तर सोन्याहून पिवळं. पीएफ कापतात का विचार. कापत असतील तर तुझा यूएएन, म्हणजे पीएफ खात्याचा नंबर मागून घे आणि पैसे खरंच भरलेत का ते फोनवर तपास. ठेकेदारानं मजुरी बुडवली तर ती द्यायची जबाबदारी काम देणाऱ्या मूळ मालकावर, म्हणजे इथं रेल्वेवर येते. त्यामुळं तुमच्यातले आठ-दहा जण मिळून एकच अर्ज लिहा, सगळ्यांच्या सह्या-अंगठ्यांसह, साइटच्या रेल्वे इंजिनिअरच्या कार्यालयात द्या आणि पोच म्हणून शिक्का मारलेली प्रत घ्या. दुसरी प्रत केंद्राच्या कामगार आयुक्तांकडं रजिस्टर पोस्टानं. राज्याच्या कार्यालयात गेलास तर ते तुला परत फिरवतील, रेल्वेचं काम त्यांच्याकडं येत नाही. ठेकेदाराचं बिल निघायच्या आधी अर्ज पोचला पाहिजे. बिल साधारण कधी निघतं ते साइटवरच्या सुपरवायझरला चहा पाजून विचार, तो सांगतो.

आणि मुकादमाकडून उचल घेतली असेल तर किती घेतली, किती फेडली, तेही त्याच वहीत लिहून त्याची सही घे. नाहीतर पगाराचं बोलायला गेलास की तो उचलीचं बोलणं काढेल.